मारते म्हणे

ऐकीव गोष्ट सांगताना आपण शेवटी ‘म्हणे’ लावतो. तलाव फुटला म्हणे. अमक्याची बदली झाली म्हणे. पुढे खोटं निघालं तरी आपल्या अंगावर येत नाही. मी तो शब्द माझ्या मुलीच्या तोंडच्या गोष्टीला लावला.

ऐन रोवणीत, धानाच्या लावणीच्या दिवसांत, ती आंधळगावहून, सासरहून, एकटीच अड्याळला आमच्या घरी आली. स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून म्हणाली, “बाबा, ते मले मारते.” दंडावरचे वळ दाखवले. मी ते पाहिले. जावयाशी बोलतो, असं म्हणालो.

संध्याकाळी माझा मोठा भाऊ आला.

“पोरगी काहून आली बे रोवन्यात? चिखलाले भेली का?” तो हसला.

मी आवाज खाली आणला. “जावई मारते म्हणे.”

वळ डोळ्यांनी पाहिले होते. पण हे लग्न मीच जुळवलेलं. भावासमोर लाज वाटली, आणि जीभ आपसूक त्या शब्दाकडे गेली.

ती चहा घेऊन दारातच उभी होती. तिनं कप ठेवले, काका जाईपर्यंत थांबली.

“म्हणे काहून लावलं, बाबा? दुसऱ्या कोनी सांगतलं का तुमाले?”

“बोलन्यात येते बाई तसं.”

“बोलन्यात येते,” ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

सकाळच्या पहिल्या बसनं ती परत निघाली. तिच्या आईनं रडून अडवलं. मी अडवलं नाही. जावयाशी बोलणंही आज-उद्या करत राहून गेलं.

दिवाळीच्या तोंडावर तिच्या सासूचा फोन आला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचलो, तर मुलीचा हात मोडलेला. न्हाणीत पाय घसरला, असं सासू डॉक्टरांना सांगत होती. मला राहवलं नाही.

“पडली नाही ती, साहेब. नवरा मारते तिले. वळ मी सोताच्या डोळ्यानं पायले.”

डॉक्टरांनी मुलीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

“बाबाले काही माहीत नाही,” ती म्हणाली. “मीच पडली.”

प्लास्टर चढवताना ती कळवळली आणि तिनं चांगला हात आधारासाठी पुढे केला. मी तिच्या उशाशीच होतो. हात तिनं सासूचा धरला.