कपाळावरची वेळ

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगते. मी शाळेत विज्ञान शिकवते. अंगात येणं, उतारा असलं काही ऐकलं की चिडचिड होते. तरी गेल्या वर्षीचं हे लिहून काढतेय...

डिंभ्याच्या वर, धरणाच्या पाण्याला लागून आमचं दीड एकर रान आहे. रविवार होता. मिस्टर पॉवर टिलर चालवत होते, मी बांधावरचं गवत काढत होते. अकराच्या सुमारास टिलर दगडावरून उसळला आणि त्याची पाती मिस्टरांच्या पोटरीत घुसली. मी ओढणी गच्च बांधली — दोन मिनिटांत भिजली. रानात मोबाइलला रेंज नाही.

"तू रस्त्याला जा... गाडी बघ. लई वाहतंय," ते म्हणाले. त्यांना तसंच एकटं टाकून मी चढण पळत सुटले.

मासे नेणारी एक पिकअप थांबली. ड्रायव्हरला घेऊन खाली आले, तर रक्त थांबलेलं! ओढणी माझीच, पण आता गुडघ्याच्या वर बांधलेली, मध्ये काठी घालून पिळलेली. आणि मिस्टरांच्या कपाळावर जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं — इंग्रजी T, त्याखाली 11-20.

"कुणी केलं हे?"

"बाई आली व्हती..." एवढंच बोलून त्यांनी डोळे मिटले. आजूबाजूला चिटपाखरूही नव्हतं.

मंचरच्या दवाखान्यात डॉक्टरांची नजर आधी कपाळावरच गेली. "T म्हणजे टुर्निके, रक्त थांबवायला आवळलेला पट्टा. तो कधी आवळला त्याची वेळ आहे ही. लष्करातली जुनी पद्धत. फार उपयोग झाला हिचा. घरात कुणी मिलिटरीत आहे का?"

"नाही हो, कुणीच नाही."

संध्याकाळी डॉक्टर ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आले. "पाय राहील," म्हणाले. मी तिथंच फरशीवर बसले आणि पोटभर रडले.

तिसऱ्या दिवशी खोडदहून मिस्टरांच्या आत्या आल्या. वय नव्वद. कपाळावरचं पुसट जांभळं त्यांनी बोटानं चाचपलं, मी सगळं सांगितलं, तशा त्या कॉटवर टेकल्या.

"चिमाआत्या," त्या म्हणाल्या. "माझ्या बापाची बहीण."

हे नाव आम्ही दोघं पहिल्यांदाच ऐकत होतो. चिमाआत्या बाराव्या वर्षी विधवा झाल्या. गाव नावं ठेवत असताना भावानं त्यांना पुण्याला नर्सिंग शिकायला धाडलं. दुसऱ्या महायुद्धात त्या लष्करी नर्स म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेल्या.

"लढाई सरल्यावर एक शिपाई काठी टेकत घरी आला," आत्या सांगू लागल्या. "म्हनला, माझा पाय त्यांनी बांधला, कपाळावर टाइम लिवला, मला ट्रकात चढवलं अन् दुसऱ्याला आणाया परत तंबूत गेल्या. तवाच वरनं बाँब पडला. सव्वीस वर्षांची व्हती. माती बी घरी आली न्हाई. बापानं पुन्हा तिचं नाव काढलं न्हाई, मग आमी बी न्हाई."

मग आत्यांनी भाच्याला विचारलं, "दिसायला कशी व्हती रं?"

"उन्हामुळं तोंड दिसलं न्हाई. पण मी बोंबललो तर कसली खेकसली! म्हनली, गप पड, पाय तुझाच हाय ना?"

आत्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "मंग तीच! माझ्या पायातला काटा काढताना आसंच बोलायची!"

नंतर मी डिंभ्यात सगळीकडे चौकशी केली. गावातल्या आशा सेविका, दवाखान्यातल्या सिस्टर, फिरायला आलेली माणसं... त्या दिवशी आमच्या रानात कुणीच गेलं नव्हतं. ती बाई कोण, हे मला आजही सांगता येत नाही, आणि आता त्याचा त्रासही होत नाही.

यंदा पितृपक्षात चिमाआत्यांच्या नावाचं पान घरात पहिल्यांदाच वाढलं. मिस्टर स्वतः जिना चढून ते गच्चीवर ठेवून आले.