व्याह्यांबरोबर पाचोळ्याच्या खोपटात

बडोदा स्टेशनवर व्याही दामोदरपंत मला घ्यायला आले होते. "प्रवास ठीक झाला ना?" "ठीक झाला." झालं, निजामपुऱ्यातलं त्यांचं घर येईपर्यंत आम्ही दोघं गप्प. लग्नाच्या पंगतीत ते माझ्या श्रीखंडाला 'पातळ' म्हणाले होते. तेव्हापासून आमचं बोलणं एवढंच.

माझी लेक मृणाल हा अबोला ओळखून होती. तिला सातवा महिना लागला होता. "बाळाला दोन्ही आजोबा बोलके हवेत," असं म्हणून तिने आम्हा दोघांची नावं रानात तग धरायला शिकवणाऱ्या एका शिबिरात परस्पर घातली. डोहाळजेवणासाठी म्हणून साताऱ्याहून आलेला मी दुसऱ्या दिवशी सकाळी वाघोडियाच्या पुढे, सागाच्या रानात उभा होतो.

फेब्रुवारीतली कोवळी थंडी होती. पळस पेटला होता आणि पायांखाली सागाची पानं पापडासारखी मोडत होती. शिकवणारी हेतल म्हणाली, "काका, सूखां पांदडां भेगां करो (वाळकी पानं गोळा करा). एक हात जाड थर पाहिजे, तरच थंडी आणि पाणी अडेल."

बेचकं असलेल्या फांदीवर एक लांब दांडका टेकवायचा, दोन्ही बाजूंनी काटक्या तिरक्या लावायच्या आणि वर पाचोळा रचायचा. दामोदरपंत रिफायनरीतून निवृत्त झालेले. त्यांनी काटक्यांचा कोन तीनदा बदलायला लावला. मी मुकाट्याने पानं वाहिली. दुपारी बाजरीचे रोटले आणि लसणाची चटणी खाल्ली, तेव्हा कुठे आमचं खोपटं उभं राहिलं. दिसायला ते उकिरड्यासारखं होतं, पण आमचं होतं.

आता परीक्षा. आम्ही आत झोपायचं आणि हेतल वरून बादलीभर पाणी ओतणार.

"आधी आपण," मी म्हणालो.

"छे, छे! आपण पाहुणे."

हेतल बादली धरून ताटकळली, तेव्हा आम्ही एकदमच घुसलो आणि दारात अडकलो. कसेबसे आत सरकलो. खांद्याला खांदा, नाकाशी पाचोळा. लग्नात विहिणींचा रुसवा काढायलाही आम्ही एवढ्या जवळ बसलो नव्हतो.

अंधारात दामोदरपंत खाकरले. "व्याही, लग्नात मी ते श्रीखंडाचं जे..." एवढ्यात त्यांनी किंकाळी फोडली, "मंकोडो! मंकोडो!"

मला ऐकू आलं 'माकड'. साताऱ्याकडच्या गडांवर माकडांनी माझा चष्मा दोनदा पळवलाय. मी चष्मा घट्ट धरून उठलो, तो थेट छपरातून. दांडका माझ्या खांद्यावर, पाचोळा डोक्यावर. आणि हेतलच्या हातून सुटलेली अख्खी बादली दामोदरपंतांच्या अंगावर!

"माकड कुठंय?" मी ओरडलो.

"अहो, मंकोडो म्हणजे मुंगळा! मानेवर चढला होता!"

त्यांच्या मिशीतून पाणी ठिबकत होतं. संपलं, मला वाटलं. आता मृणालला काय तोंड दाखवू? ते हळूहळू उठून बसले, मिशी पिळली आणि म्हणाले, "श्रीखंडापेक्षा हे जास्त पातळ आहे." मग पोट धरधरून हसू लागले. मी शेजारी चिखलात बसलो आणि हसता हसता मला उचकी लागली.

परतताना त्यांच्या अंगावर माझ्या पिशवीतला कोरडा सदरा होता आणि तोंडाला खळ नव्हती. वाटेत गाडी थांबवून त्यांनी मला सेवउसळ खाऊ घातली आणि दुकानदारालाही सगळी हकीकत ऐकवली. त्यात माकड खरोखरच आलं होतं.

राजवाडा, संग्रहालय काहीच पाहून झालं नाही. साताऱ्याला लोक विचारतात, बडोद्यात काय पाहिलंत? सांगण्यासारखं एवढंच, की रानात आम्हाला धड एक खोपटं उभं करता आलं नाही, पण निजामपुऱ्यातल्या त्या घरात मी आता बेल न वाजवता शिरतो, आणि आतून व्याह्यांचा आवाज येतो, "अरे ये, दार लोटून घे!"