दोन काटे आणि एक फितूर

वजन उतरेना म्हणून मी नवा वजनकाटा आणला. वजन तेच राहिलं.

आता न्हाणीघराबाहेर दोन काटे शेजारी शेजारी पडलेत आणि मी आळीपाळीने दोन्हींवर चढतो. दोघांच्याही सुया एकाच आकड्यावर, भिंतीवरच्या पालीसारख्या निपचित. सुरुवातीला वजन भराभर उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, "आणखी थोडं उतरवा, गुडघ्याचं ऑपरेशन टळेल." मग मी भात सोडला, गोड सोडलं, रोज पहाटे टेकडी चढू लागलो, आणि नेमकी तेव्हाच सुई थांबली. ज्या शरीराला इतकी वर्षं मी काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही, त्याने ऐन वेळी असा दगा द्यावा?

वेढा चोख आहे, रसद तोडली आहे, तरी गड पडत नाही. म्हणजे आतलंच कुणीतरी फितूर असणार. हा फितूर कोण, याचा विचार करत मी सगळ्यांची जेवणं झाल्यावर ओट्याशी उभा होतो. पातेल्यात थोडा मसालेभात उरला होता. अन्न टाकायचं नाही ही आमच्या घरची रीत, आणि उरलंसुरलं संपवायचं काम पहिल्यापासून माझं. संपवणं म्हणजे काही जेवणं नव्हे. ते उभ्याने करतात.

बायको मागे येऊन कधी उभी राहिली कळलं नाही.

"अहो, तिसरा काटा आणायचा तर खुशाल आणा," ती म्हणाली, "पण आधी ते पातेलं खाली ठेवा."