अपडेट मागे गेलं आणि विलासचं डोकं फुटलं

विलास शुद्धीवर आला, डोक्याला टाके पडलेत, असं त्याच्या बायकोने आत्ताच फोनवर सांगितलं.

मित्रांनो, विलास मोहोपाड्याजवळच्या गाड्यांच्या वजनकाट्यावर कंप्युटर सांभाळतो. तिथे नेट चालत नाही, म्हणून लिनक्सचं अपडेट शेजारच्या काट्यावरून पेनड्राइव्हवर येतं. पेनड्राइव्हवर असेल तेच बसवायचं, असं सिस्टिमला सांगून ठेवलेलं आहे. आज त्यावर जुनी पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रामच्या जुन्या आवृत्त्या होत्या. सिस्टिमने नवी काढून जुनी बसवू का विचारलं, विलासने सवयीने होकार दिला. मग जुन्या प्रोग्रामला काट्याचं वजन वाचता येईना आणि स्क्रीनवर वजनाचा एकच आकडा अडकला.

"रिकामा टेंपो तेवढाच, भरलेला पन तेवढाच? आमी काय येडे हाय का रं?" टेंपोवाल्याने कॉलर धरली.

"दादा, मशीन बिघडलीय. मी काय नाय केला."

त्याने चाक खोलायची लोखंडी टॉमी डोक्यात घातली. विलास खाली पडल्यावरही तो आणि त्याचा क्लीनर लाथा घालत होते.

काट्याच्या मालकाने दुरुस्तीला बोलावलं, मी पोचलो तेव्हा कीबोर्डवर रक्त होतं. ते पुसून माझ्या पेनड्राइव्हवरची नवी पॅकेजेस परत बसवली. काटा चालू झाला.

टेंपोवाले पळालेत. उद्या सकाळी रांग लागेल, आणि खुर्चीत विलासच हवा, असं मालक म्हणतोय. तुम्ही विलासला काय सांगाल?