चिंचेच्या झाडाची तक्रार

ती दुपार अजून डोळ्यांपुढून हलत नाही. घरी सांगायला बसलो की मुलगी म्हणते, "बाबा, दर वेळी तुमचं ऊन वाढतच चाललंय." वाढू दे. निवृत्त टीआयच्या, म्हणजे ठाण्याच्या मुख्य इन्स्पेक्टरच्या, हातात आता तेवढंच उरलंय.

मे महिना होता. राजेंद्र नगरच्या एक काकू मुलाला घेऊन पोलीस ठाण्यात आल्या. त्यांचे यजमान, रस्ते खात्यातले निवृत्त ओव्हरसियर, सकाळी नुसत्या चहावर बाहेर पडले ते परतलेच नव्हते. अलीकडे विसरायला लागले होते. त्यात मधुमेह, आणि औषध घरीच. फोन वाजत होता, ते उचलत नव्हते.

गुमशुदगी, म्हणजे माणूस हरवल्याची नोंद, दाखल केली, फोटो सगळ्या ठाण्यांना पाठवला. मग सवयीने मुलाला बाजूला घेतलं.

"घरात काही भांडण?"

"नाही साहेब."

"जमिनीवरून?"

"साहेब, फ्लॅट आहे. तिसऱ्या मजल्यावर."

हवालदार खिडकीबाहेर बघू लागला.

शेवटी काकूच बोलल्या, "भांडतात ते पालिकेशी. दिवसभर ते तक्रारीचं ॲप. खड्डा दिसला, काढ फोटो. घरचा नळ गळतो तो मात्र दिसत नाही."

मी पालिकेच्या तक्रार कक्षाला फोन लावला. नाव ऐकताच तिथली मुलगी म्हणाली, "अरे सर, वो अंकल? सुबह से पता नहीं क्या-क्या ढूँढ रहे हैं."

तिने त्या दिवशीच्या तक्रारी पाठवल्या. प्रत्येकीसोबत फोटो आणि जागेचा नकाशा. 'मिलचा भोंगा वाजला नाही. लोक कामावर कसे जाणार?' मग, 'येथील टांगा स्टँड हलवला आहे. घोड्यांना कळवले होते का?' शेवटची नुकतीच आलेली, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून, म्हणजे नदीकाठच्या जुन्या राजसमाध्यांपासून: 'नदीकाठचे चिंचेचे झाड जागेवर नाही. त्वरित पाहणी व्हावी.' फोटोत नुसतं पांढरं ऊन.

वाचता वाचता वायरलेसची खरखर लांब गेल्यासारखी वाटली. एक अख्खं शहर कुठेतरी उठून गेलं होतं, आणि ते एकाच माणसाच्या लक्षात आलं होतं.

पण गाडी पोचेपर्यंत ते पुढे निघाले तर? बाजाराच्या त्या गर्दीत कुठे शोधणार?

काकू म्हणाल्या, "पाहणीला कोणी येतंय असं कळलं तर हलायचे नाहीत. माझ्या डोहाळजेवणाला आले नाहीत, मोठे साहेब यायचे म्हणून पुलावर बसून राहिले."

मी त्या मुलीला सांगितलं, "उत्तर पाठव. अधिकारी येताहेत, जागेवरच थांबा."

"सर, ऐसा ऑप्शन नहीं है. सिर्फ 'शिकायत दर्ज हुई' जाता है."

"तो कहीं तो लिख दो, बेटा."

काकूंना घेऊन जीप निघाली तेव्हा त्या मुलीचा फोन आला. "सर, अंकल ने लिखा है, ठीक है."

छत्रीच्या सावलीत, पायरीवर ते ताठ बसले होते. ओठ सुकलेले. कबुतरं घुमत होती. मला बघून म्हणाले, "उशीर केलात."

मी पाणी दिलं, काकूंनी दिलेली बिस्किटं पुढे केली. काकू जीपपाशीच थांबल्या. मग रीतसर विचारपूस सुरू झाली, म्हणजे त्यांनी माझी केली. खातं कोणतं, टेप कुठाय, सोबत माणूस का नाही. मी विचारलं, "झाड नेमकं कुठे होतं?" त्यांनी हाताने बुंधा दाखवला, फांद्या कुठवर जायच्या ते दाखवलं. मी त्या हातामागे बघत राहिलो. शपथेवर सांगत नाही, पण अंगावरचं ऊन थोडं उतरल्यासारखं वाटलं.

"पाहणी झाली," मी म्हणालो. "आता घरी चला. तिकडूनही तक्रार आलीय."

त्यांनी जीपपाशी उभ्या काकूंकडे बराच वेळ पाहिलं.

"मी जागेवर नसल्याची?"

"हो."

"मग ती आधी घ्या," म्हणाले, आणि उठले.

नोकरीत मी माणसांना दरडावून बरंच काही वदवून घेतलं. पण हरवलेल्या माणसाला घरी आणायचं, तर आधी त्याचं जे हरवलंय त्याची नोंद घ्यावी लागते, हे त्या दुपारी कळलं. येताना ड्रायव्हरला म्हटलं, "भिया, हळू घे." ते खिडकीतून बोट दाखवत होते, आणि काकू एकेका जागेला 'हो, होतं ना' म्हणत होत्या.