नबीलच्या आईचा रूम टोन

"यातली एकही बाई रडत का नाही?" मिस्टर हदाद मला विचारत होते.

मॉनिटरवर मोरोक्कोच्या कॅसाब्लांका शहरातली एक गोल चेहऱ्याची बाई हसत हसत सांगत होती की देवाच्या कृपेनं सगळं उत्तम आहे, गुडघेसुद्धा उत्तम आहेत, मुलानं अजिबात काळजी करू नये. तिच्या आधीच्या तिघींनीही हेच सांगितलं होतं. मिस्टर हदाद आमचे क्लायंट. अमेरिकेतून अरब देशांत फोन करायची कॉलिंग कार्डं विकायचे. २००५ साल होतं. तेव्हा आपण सगळेच ती कार्डं नाण्यानं खरवडून घरी फोन करायचो.

त्यांना जाहिरात हवी होती. कल्पना अगदी साधी. चार देशांतल्या चार आया कॅमेऱ्यात बघून अमेरिकेतल्या मुलाला म्हणणार, "आठवण येते रे, फोन कर." खाली कार्डाचं नाव. रमझानच्या पहिल्या दिवसापासून अरबी चॅनल्सवर ती दिसायला हवी होती.

मी त्या जाहिरातीची प्रोड्यूसर. प्रोड्यूसर म्हटलं की आपल्याकडे लोकांना सोन्याच्या साखळ्या घातलेला माणूस आठवतो. आमच्या जर्सी सिटीतल्या छोट्या कंपनीत प्रोड्यूसर म्हणजे लग्नघरातली ती मावशी, जिला सगळे सगळं विचारतात आणि जिला स्वतःला जेवायला वेळ मिळत नाही. मला अमेरिकेबाहेर जायची सोय नव्हती, कारण परत येताना पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का मारून घ्यावा लागला असता आणि तो मिळेलच याची खात्री वकील देत नव्हता. म्हणून मोरोक्को, इजिप्त, जॉर्डन आणि येमेन, चारही ठिकाणी तिथलेच क्रू लावले आणि मी इथून फोन आणि ईमेलवर शूटिंग चालवलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात नं, मला तर दुरूनही साजरे दिसले नाहीत.

कुणाची सुट्टी शुक्रवारी, कुणाची रविवारी. तिकडच्या टेप्स आपल्या भारतासारख्या PAL पद्धतीच्या, इथली मशिन्स NTSC वर चालणारी. म्हणजे आधी टेप बदलून घ्या, मग बघा. त्यातून अरबी लेबलांचे खोके न्यूयॉर्कच्या कस्टम्सवाल्यांना अकरा सप्टेंबरनंतरच्या त्या काळात फारच आवडायचे, उघडल्याशिवाय सोडायचे नाहीत. येमेनमधल्या सना शहरातली बाई म्हणाली, आवाज घ्या, हात दाखवा, पण चेहरा दाखवायचा नाही. आणि सगळ्यांत कहर भाषेचा. माझा बॉस डॅन म्हणाला, "अरबीच ना सगळीकडे?" आता त्याला काय सांगू? वऱ्हाडातल्या आजीला आणि मालवणातल्या आजीला एका खोलीत बसवलं की त्याही मराठीच बोलतात. आमचा एडिटर नबील जन्मानं इजिप्शियन. कॅसाब्लांकाची टेप ऐकून त्यानं हेडफोन काढले आणि म्हणाला, "यातलं मला अर्धंच कळलं. न्यूयॉर्कमधल्या प्रेक्षकाला काय कळणार?"

नबील अलेक्झांड्रियाचा. शांत, जाड चष्म्याचा, डब्यातलं ऑलिव्हचं लोणचं मला आग्रहानं देणारा. माझं लिंबाचं त्याला तिखट लागायचं, तरी खायचा. कित्येक वर्षांत तो घरी गेला नव्हता. त्याची ग्रीन कार्डची केस अडकलेली, आणि त्या वर्षांत त्याच्यासारख्या अरबी नावाच्या माणसाला वकील एकच सल्ला द्यायचे: बाहेर जाणं तुझ्या हातात आहे, परत आत येणं नाही. इजिप्तमध्ये ठरवलेल्या बाईच्या थोरल्या मुलानं आयत्या वेळी नकार दिला, तेव्हा नबील म्हणाला, "माझ्या आईला घ्या. निदान घर कसं दिसतंय ते तरी बघेन."

म्हणजे त्या चौघींतली एक त्याचीच आई होती. निळा रुमाल डोक्याला, सोफ्यावर ताठ बसलेली, सगळं कसं मजेत आहे ते सांगणारी.

"शुक्रवारपर्यंत मला डोळ्यांत पाणी पाहिजे," मिस्टर हदाद उठता उठता म्हणाले. "नाहीतर या चौघी काढून टाका. मी इथल्या स्टुडिओत नट्या बसवतो."

ते गेले. डॅननं माझ्याकडे पाहिलं. "रीशूट?"

"टेप यायलाच शुक्रवार उजाडेल."

"आणि रीशूट करून उपयोग नाही," नबील म्हणाला. तो क्वचितच मध्ये बोलायचा. "परक्या माणसांसमोर माझी आई 'आठवण येते' असं म्हणणारच नाही. म्हणाली, तर शेजारणी काय म्हणतील? मुलगा विचारत नाही वाटतं. ती माझी अब्रू झाकतेय, डॅन. चौघीही तेच करतायत."

डॅन कॉफी आणायला गेला. मग नबील मला हळूच म्हणाला, "फोनवरही ती हेच म्हणते. येऊ नकोस, मी मजेत आहे. मग मी जात नाही. शुभा, तिला काढू देऊ नकोस गं."

मला गलबलून आलं. कारण नागपूरला माझी आई तरी दुसरं काय करत होती? "इकडे सगळं ठीक आहे, तू तुझं बघ." बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन ते पेपर वाचायला लागले, तेव्हा मला कळलं. विचारलं तर म्हणाली, "तुला उगाच कशाला घोर?" आणि मीही तेच ऐकून फोन ठेवायची. ते ऐकणं सोयीचं असायचं.

दुसऱ्या दिवशी नबील निमूटपणे काम करत होता. दोन वाक्यांमध्ये कट मारला की तिथे आवाजाचं भोक पडतं. ते भरायला रूम टोन लागतो. प्रत्येक खोलीचा स्वतःचा एक आवाज असतो: पंख्याचा, फ्रिजचा, लांबच्या रस्त्याचा. म्हणून शूटिंग संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून अर्धाएक मिनिट नुसता तो आवाज घेतात. कुणी हलायचं नाही, खुर्चीतल्या माणसानंही नाही. आवाज कॅमेऱ्यातल्याच टेपवर जातो, त्यामुळे कॅमेरा चालूच राहतो. पण त्यातलं चित्र कुणी बघत नाही. आम्हाला फक्त आवाज हवा असतो.

"शुभा," नबीलनं हाक मारली. "जरा इकडे ये."

मॉनिटरवर त्याची आई होती. कॅमेरामननं गप्प बसायला सांगितलेलं. तिनं आधी त्याला चहा गार होतोय असं सांगितलं. कॅमेऱ्यामागून त्याचं 'शूऽऽ' ऐकू आलं. मग ती खुणेनं बिस्किटं दाखवायला लागली. आम्ही दोघं हसलो. अगदी आपल्यासारखीच बाई.

मग ती खरंच गप्प झाली. पंखा ऐकू यायला लागला. खाली कुणीतरी हॉर्न वाजवला. चेहऱ्यावरचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, आणि मग दिवसभर उचललेली पिशवी खाली ठेवावी तसं तिनं ते ठेवून दिलं. तिचा हात शेजारच्या रिकाम्या जागेवर गेला. सोफ्याचं कव्हर ती तळव्यानं नीट करत राहिली. त्याला एकही सुरकुती नव्हती. मग तिनं मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"ओके," कॅमेरामनचा आवाज आला, आणि क्षणात ती पुन्हा हसायला लागली.

नबीलनं टेप मागे घेतली. पुन्हा पाहिली. पुन्हा मागे घेतली.

"ती जागा माझी आहे," तो म्हणाला. मग तिच्या चेहऱ्यावर टेप थांबवून म्हणाला, "म्हातारी झाली गं ती." चष्मा काढून तो शर्टानं पुसत बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आमच्या ऑफिसात असं कुणी करत नसे, पण मी ठेवला.

बाकीच्या तिघींचे रूम टोन काढायला मग कुणाला सांगावं लागलं नाही. कॅसाब्लांकाची बाई पूर्ण वेळ दाराकडे बघत होती. जॉर्डनमधल्या अम्मानच्या बाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. सनामधल्या बाईचे मेंदी लावलेले हात एकमेकांना धरून बसले होते. आम्ही एकही शब्द घेतला नाही. चार खोल्या, चार गप्प आया, आणि प्रत्येकीच्या मागे तिच्या घराचा आवाज. कुठली बोली कुणाला कळेल हा प्रश्नच उरला नाही.

शुक्रवारी मिस्टर हदाद आले. जाहिरात बघून म्हणाले, "फोन कार्डाची जाहिरात, आणि यात कुणी बोलतच नाही?"

मी म्हटलं, "ते काम तुमच्या गिऱ्हाइकाचं आहे. त्यानं फोन करून बोलायचं."

डॅननं डोळे मिटून घेतले. मिस्टर हदाद मॉनिटरकडे वळले. "पुन्हा लावा," म्हणाले. पुन्हा लावली. नबीलच्या आईनं सोफ्यावरून हात फिरवला तेव्हा ते पुढे वाकले, आणि संपल्यावर एवढंच म्हणाले, "कार्डाचं नाव जरा मोठं करा."

जाहिरात रमझानभर चालली. नबील दुसऱ्याच आठवड्यात वकिलाकडे गेला आणि प्रवासाच्या परवानगीचा अर्ज केला. परवानगी यायला वेळ लागला, पण आली. तो गेला. येताना एअरपोर्टवर त्याला वेगळ्या खोलीत बराच वेळ बसवून ठेवलं, पण सोडलं. माझ्यासाठी ऑलिव्हच्या लोणच्याची बरणी घेऊन आला, त्याच्या आईनं घातलेली.

"काय म्हणाली आई?" मी विचारलं.

"दार उघडलं आणि म्हणाली, कशाला आलास? इथे सगळं ठीक आहे." तो हसायला लागला. "मग माझा हात धरून सोफ्यावर बसवलं. जेवण करपलं तरी उठली नाही."

या धंद्यात मी पुढे बरीच वर्षं काढली. नवीन मुलांना एकच गोष्ट सांगते: रूम टोन घेताना कॅमेऱ्याकडेही लक्ष ठेवा.

पण तेव्हाची गोष्ट संपवते. ती जाहिरात पास झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी नागपूरला फोन लावला. मिस्टर हदादांनी भारतात फोन करायचं एक कार्ड फुकट दिलं होतं. आई नेहमीसारखी सुरू झाली. बाबा ठीक, तब्येत ठीक, संत्री यंदा गोड, तू तुझं बघ.

"आई," मी म्हटलं, "फोन ठेवू नको. आपण दोघी जरा वेळ गप्प बसू."

"काहून? बिल वाढते नं तुझं!"

"फुकटचं आहे. बस नं."

आई गप्प झाली. मला कुकरची शिट्टी ऐकू आली. मग मागच्या अंगणातला नळ, मग भिंतीवरचं घड्याळ, ज्याचा टकटक आवाज मी पार विसरले होते. डोळे मिटून मी ऐकत राहिले. आमच्या स्वयंपाकघराचा आवाज होता तो, दुसऱ्या कुठल्याही घराचा नव्हता.

बऱ्याच वेळानं आईचा आवाज आला. माझ्या ओळखीचा नव्हता, अगदी बारीक.

"कधी येतेस गं?"