साहेबांसाठी चार आवाज

लातूर जिल्हा झाला त्यानंतरच्या एका कोरड्या वर्षी आमच्या गल्लीने नाताळची गाणी पाण्यासाठी म्हटली. देवासाठीच म्हटली असं चर्चचे पाळकसाहेब पुढे सांगत राहिले, पण तालमीला मी होतो.

गायनमंडळ माझ्या आत्याचं. ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. सूर देताना आणि इंजेक्शन देताना तिचा चेहरा सारखाच असे. नाताळला आमच्याकडे सगळंच चालायचं. ओवीच्या चालीवर बाळ येशूचा पाळणा, पेटी-तबल्यावर भजन, देगलूरकडून आलेल्या एका कुटुंबाचं तेलुगू गाणं, आणि निजामाची आठवण म्हणून की काय, टाळ्या वाजवत एक कव्वाली. पण आत्याचा जीव होता चार आवाजांच्या गीतात. चाल विलायती, शब्द मराठी, आणि एकाच वेळी चार वेगवेगळे सूर. प्रत्येकाने आपली ओळ धरायची, शेजाऱ्याच्या ओळीत शिरायचं नाही. हे आम्हाला जड जाई, कारण शेजाऱ्याच्या भानगडीत शिरणं हीच गल्लीतली मुख्य करमणूक होती.

त्या वर्षी आड आटला होता. टँकर चार दिवसांआड यायचा. तेव्हा पाळकसाहेबांना युक्ती सुचली: नाताळच्या उपासनेला एखाद्या मोठ्या साहेबांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायचं, गाणी ऐकवायची, आणि खूश झाले की हातपंपाचा विषय काढायचा. आत्याला ही युक्ती इतकी पटली की तिने घरोघरी जाऊन सांगितलं, "चार आवाज नीट लागले की पंप आलाच म्हणून समजा. माझ्यावर सोडा."

लोकांनी सोडलं. खालचा आवाज लावणारा गवंडी कामासाठी नांदेडला गेला होता. आत्याने त्याला पोस्टकार्ड टाकलं, आणि तो मजुरी बुडवून आला. बाया कपडे न धुता तालमीला येत. धुवायला पाणीही नव्हतं म्हणा.

जिल्हा नवा असल्यामुळे गावात दर आठवड्याला कुठल्यातरी कचेरीची नवीन पाटी लागे. कोणत्या पाटीमागे कोण बसतं हे कोणालाच माहीत नसे. खाली जीप आणि अंगात सफारी असली की तो साहेब. पाळकसाहेबांनी सर्वांत नवी जीप हेरली आणि तिच्या मालकाला आमंत्रण दिलं. साहेब लगेच हो म्हणाले. एवढ्या लगेच हो म्हणणाऱ्या माणसाची थोडी चौकशी करावी, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. मलाही नाही.

उपासना दहाची. साहेब आले बाराच्या पुढे. प्रमुख पाहुण्यांशिवाय सुरुवात करायची नाही, हा नियम आमच्याकडे दहा आज्ञांच्या खालोखाल पाळतात, त्यामुळे प्रभूचा जन्मही दोन तास थांबला. मग हार, नारळ, परिचय. परिचयात पाळकसाहेबांनी त्यांना "जिल्ह्याचे भाग्यविधाते" म्हटलं. साहेब लाजले.

पाळणा झाला, भजन झालं, कव्वालीला साहेबांनी मांडीवर ठेका धरला. आत्याने चार आवाजांसाठी हात वर केला. पहिलं कडवं सुरू झालं आणि बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. टँकर एक दिवस आधी आला होता.

सगळ्या बायांनी आत्याकडे पाहिलं. रांगेत घागरी मांडलेल्या होत्या, पण घागरीजवळ माणूस नसेल तर रांग धरली जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याने नुसती मान हलवली. नाही. कोणी हललं नाही. बाहेर खालच्या गल्लीतली माणसं धावल्याचं ऐकू येत होतं, भांडी आपटत होती, आणि आत चारही आवाज असे लागले की तसे आधी कधी लागले नव्हते. हे मला आजही खोटं म्हणता येत नाही. बरं झालं असतं म्हणता आलं असतं तर.

साहेब भाषणाला उठले. ते वजनमापे खात्याचे निघाले. ग्राहकाने प्रत्येक माप तपासून घ्यावं, यावर ते वीस मिनिटं बोलले. पाळकसाहेबांनी चाचरत हातपंपाचं काढलं, तेव्हा ते खरोखर दुःखी झाले.

"ते माझ्याकडे येत नाही हो," ते म्हणाले. "पण टँकरचं माप कमी भरलं तर जरूर कळवा."

बाहेर आलो तेव्हा आमच्या घागरी बाजूला सरकवलेल्या होत्या आणि माती ओली होती. गवंडी आत्याजवळ आला.

"सिस्टर, सूर बराबर लागला का?"

"लागला."

"मंग झालं," तो म्हणाला आणि पिशवी घ्यायला गेला.

मागून एक बाई म्हणाली, "सूर काय उकळून पाजू का लेकरांला?"

 भांडण झालं असतं तर बरं, भांडणानंतर लोक परत बोलतात. आमच्याकडे कोणी आवाजही चढवला नाही. ईस्टरच्या तालमीला आत्या पेटी काढून बसली. मी एकटा गेलो. तिने तासभर वाट पाहिली. मी म्हटलं, निदान माझी ओळ म्हणून बघू. ती म्हणाली, "एका ओळीचं काय करायचं?"

पुढच्या नाताळला पाळकसाहेबांनी कुठूनशी कॅसेट आणली. तीतही चार आवाज होते, स्वच्छ, ताल न चुकणारे, आणि त्यांना पोस्टकार्ड टाकावं लागत नव्हतं. लोकांना आवडली. आत्या शेवटच्या बाकावर बसली होती. ओठ मिटलेले, हात मांडीवर. आपली ओळ आली तरी ती ऐकत होती की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.